चार मिनिटांचा हात

३ फेब्रुवारी, अबेओकुटा

ही वही बायकोनं दिली. म्हणाली, "घरात रोज जे बोलता ते आता हिच्यात लिहा, म्हणजे मला जरा विश्रांती." तेहतीस वर्षांच्या संसारानंतरही नवऱ्याच्या मनाची इतकी काळजी घेणारी बायको मिळायला भाग्य लागतं.

वही हरवली तर सापडणाऱ्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो: मी डॉ. फोलारिन शोतुंदे, वय सत्तावन्न. सव्वीस वर्षं विद्यापीठात शिकवलं. सध्या एका बंद पडलेल्या बेकरीत थाटलेल्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. पावाच्या भट्टीवर आता आमची कपाटं उभी आहेत. आम्ही एन्झाइम बनवतो. कसाव्याच्या सालींच्या ढिगावर एक बुरशी वाढते, तिच्यातून ते निघतं, आणि ते खळ खातं. इतोकू बाजारातल्या रंगारणींना नेमकं तेच हवं आहे. त्या बाया कापडावर कसाव्याच्या खळीनं नक्षी काढतात, कापड निळीत बुडवतात, आणि मग वाळून दगड झालेली खळ सुरीनं खरवडत बसतात. त्यात नखं जातात आणि कधी कधी कापडही जातं. आमच्या पाण्यात कापड भिजवलं की खळ आपली आपण सुटेल. किती वेळात सुटेल एवढंच ठरायचं आहे, आणि ते मोजायला मी आहे.

अठ्ठावीस तारखेला रंगारणींच्या संघापुढे चाचणी. त्यांनी मान डोलावली तर प्रयोगशाळा राहील, नाहीतर इथे पुन्हा पाव भाजले जातील.

सकाळची ओगी, म्हणजे मक्याची पेज, आजही बिघडलेली होती. पहिले चार चमचे दाट, आणि शेवटी वाडग्यात नुसतं पाणी. बायकोला म्हटलं, मका नीट दळत जा. तर म्हणते, "बिंपेचे बाबा, त्याच पातेल्यातली ओगी मी खाल्ली. माझी शेवटपर्यंत दाट होती. तुम्ही पेपर वाचत तासभर चमचा चोखत बसता, मग काय होणार?" स्वयंपाकातली चूक कबूल करणं काही लोकांना जड जातं. मी वाद घातला नाही.

५ फेब्रुवारी

आज पहिली मोजणी. पद्धत शाळेतल्या पोराला जमेल अशी आहे. कसाव्याच्या खळीचं पातळ पाणी घ्यायचं, त्यात एन्झाइम घालायचं, आणि दर मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनवर टाकायचा. खळ शिल्लक असेल तर थेंब निळा होतो. निळा व्हायचा थांबला की घड्याळ बघायचं.

माझा आकडा: चार मिनिटं. एनितानचा आकडा: एकोणचाळीस मिनिटं. बाटली तीच, टेबल तेच, सकाळही तीच.

एनितान माझी सहायक. सव्वीस वर्षांची, हुशार, वळण चांगलं, रोज सकाळी गुडघा टेकून नमस्कार करते. पण हात नाही. हात हा जन्मजात असावा लागतो. तोंडानं पिपेट ओढायला ही मुलगी घाबरते. स्वतः एक रबरी फुगा विकत आणला आहे, तो नळीच्या टोकाला लावून फुस्सफुस्स करत बसते. मी तिला समोर उभं करून दाखवलं. नळी ओठात धरायची, ओढायचं, बोटानं दाबायचं, खुणेपर्यंत सोडायचं, आणि शेवटचा थेंब जोरात फुंकून टाकायचा. तो थेंब नळीतच राहिला तर माप कसलं झालं? नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा असतो, तो मी काढून टाकतो, श्वासाला आडवा येतो. आमच्या गुरुजींनी आम्हाला असंच शिकवलं, आणि ते परदेशात शिकून आलेले होते.

गालात ओबीची फोड असली की ओढ आणखी छान बसते. ओबी म्हणजे एक कडू बी, पण तोंड ओलं ठेवते आणि डोकं जागं. गेल्या तीस वर्षांत ओबी तोंडात नसताना मी एकही मोजणी केलेली नाही. सातत्य म्हणतात ते हेच.

७ फेब्रुवारी

काल तीन वेळा मोजलं, आज तीन वेळा. मी: चार, चार, तीन, चार, पाच (ओबी संपली होती, लक्ष उडालं), चार. ती: एकोणचाळीस, चाळीस, अडतीस, एकेचाळीस, एकोणचाळीस, चाळीस. चुकीच्या आकड्यालाही एवढं चिकटून राहता येतं हे तिच्याकडून शिकावं.

दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उगीच बाटल्या सरळ करत राहिली. मग म्हणाली, "सर, एक विचारू? तुमच्या मोजणीबरोबर एक नळी नुसत्या पाण्याची ठेवू या का? खळ तीच, फक्त एन्झाइम न घातलेली. माझ्या मोजणीबरोबर मी ठेवते."

"कशाला?"

"ती निळीच राहते का ते बघायला, सर."

"नुसत्या पाण्यानं खळ गेली असती तर रंगारणींनी हातात सुऱ्या कशाला धरल्या असत्या?"

"नाहीच जाणार, सर. म्हणूनच... एकदा तुमच्या हातानं बघितलं असतं तर..."

"एनितान, जे होणार नाही ते बघत बसायला इथे कुणाला पगार मिळत नाही."

"हो सर," म्हणाली आणि गेली. डोळ्यांत काहीतरी होतं. माझ्या हाताचा हेवा असणार. मी मनावर घेतलं नाही.

१० फेब्रुवारी

चीफ बामिगबोये आले. फरशांचा धंदा करून मोठे झाले आणि आता त्यांना विज्ञानात नाव करायचं आहे, त्यामुळे बेकरीचं भाडं तेच भरतात. त्यांची टोपी आधी दारातून आत आली, मागून ते.

"डॉक्टर, कागदावर दोन आकडे कसे? एका बाटलीवर दोन आकडे छापतात का कुठे?"

"चीफ, एक माझा आहे, एक या मुलीचा."

"बरोबर कुणाचा?"

या प्रश्नावर माझ्या जागी दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. मी फक्त सांगितलं की मी सव्वीस वर्षं हेच शिकवलंय.

"मग चुकीचं मोजणारं माणूस ठेवलंय कशाला? महिनाअखेर मला एक आकडा पाहिजे आणि एक मोजणारा पाहिजे. चार चांगला आकडा आहे. 'चार मिनिटांत खळ गायब!' काय? लोकांच्या तोंडात बसेल."

एनितान त्यांच्यासाठी थंड माल्टची बाटली घेऊन दारातच उभी होती. तिनं ती टेबलावर ठेवली, झाकण उघडून दिलं, आणि परत गेली. सगळं ऐकलं होतं तिनं.

१२ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. 'हाताच्या अकुशलतेमुळे सदर सहायकेच्या मोजण्या अविश्वसनीय ठरल्या असून तिला सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' भाषा स्वच्छ आहे.

तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "सर, तो एक शब्द बदलता येईल का? अविश्वसनीय. दुसरीकडे काम मागायला गेले की हेच पत्र दाखवावं लागेल. मोजणारीच अविश्वसनीय म्हटल्यावर मला कोण दारात उभं करेल?"

मी म्हटलं, विज्ञानात शब्दांची घासाघीस चालत नाही.

तिनं आपली वही माझ्या कपाटात ठेवली. "रोजचं सगळं यात आहे, सर. पाण्याच्या नळ्यासुद्धा." रोजच्यासारखाच गुडघा टेकला आणि गेली. तो रबरी फुगा मात्र टेबलावरच विसरली.

आज ओबी फार कडू लागली. बाजारात हल्ली जुना माल येतो.

१३ फेब्रुवारी

नळ्या स्वतः धुतल्या. तीन फुटल्या. काच पूर्वीसारखी राहिलेली नाही.

१७ फेब्रुवारी

दाढ. परवापासून अर्धं तोंड सुजलेलं. काल ती काढून घेतली, गालात कापूस, आणि वैद्यानं दोन दिवस काही चघळायचं नाही म्हणून तंबी दिली. ओबी बंद. पिपेट ओठात धरली तर ब्रह्मांड आठवलं. पण मोजणी चुकवणाऱ्यांतला मी नव्हे. नाइलाजानं एनितानचा फुगा वापरला.

चाळीस मिनिटं.

पुन्हा केलं. एकोणचाळीस.

दुपारभर विचार केला आणि उलगडा झाला. दोष रबराचा आहे! रबरातून काहीतरी झिरपतं आणि एन्झाइमचा जीव घेतं. बिचारी एनितान इतके दिवस नकळत विष घालून मोजत होती. माझ्यातला शिक्षक अजून जिवंत आहे याचा आनंद झाला. फुगा कचऱ्यात टाकला. तिला हे कळवावं असंही एकदा मनात आलं, पण पत्रात 'अकुशलता' असं लिहून झालं होतं, आणि फुगा निवडणं हीसुद्धा अकुशलताच.

२० फेब्रुवारी

आज इतोकूला रंगाच्या अंगणात पहिला प्रयोग. अंगणाची मालकीण इया सिफावु. सत्तरीची बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, आवाज असा की नदीपलीकडचा माणूस वळून बघेल. संघात तिचाच शब्द चालतो.

दारातच तिनं मला अडवलं. "डॉक्टर, गालात काय आहे?"

"ओबी. दाढेची जखम भरली आता."

"तोंडातली ओबी थुंका आणि चूळ भरा. तो बघा माठ. खळीच्या अंगणात कुणी काही चघळत नाही."

"का बरं?"

"माझ्या आईच्या आईपासून चालत आलंय. इथे कुणी थुंकत नाही, बोट चाटत नाही, शिंक आली तर रस्त्यावर पळतं. भरा चूळ."

विज्ञानाच्या दारात अंधश्रद्धा उभी असते ती अशी. पण पाहुण्यानं यजमानाचं ऐकावं, म्हणून भरली चूळ. सगळ्या बाया बघत होत्या.

टबात एन्झाइम घातलं, कापड बुडवलं, घड्याळ लावलं. चार मिनिटांनी नक्षीच्या पांढऱ्या रेघेवर आयोडीनचा थेंब टाकला. गडद निळा. सहा मिनिटं, निळा. दहा मिनिटं, निळा. मागून कुणीतरी विचारलं, "अजून ठेवायचं का, बाबा?" मी म्हटलं, चार म्हणजे चार, आणि कापड बाहेर काढलं. माणसाला आपल्या आकड्याचा काही अभिमान असतो की नाही?

इया सिफावुला मी समजावलं की कापड जाड आहे, ओगुन नदीचं पाणी जड आहे, आणि बायांनी खळ लावताना हात सैल सोडलेला आहे.

"म्हणजे तुम्ही सोडून सगळ्यांचं चुकलं," ती म्हणाली. "बरं. आमच्याकडे काही नवं आलं ना डॉक्टर, की शेजारी खळीची एक चिंधी नुसत्या पाण्यात टाकून ठेवतो. साक्षीदार म्हणतो आम्ही तिला. साबणवाले, सोडावाले, चमत्कारवाले, फार येऊन गेले या दारात. साक्षीदारापुढे सगळ्यांची बोलती बंद झाली. तुमच्याकडे साक्षीदार आहे का?"

"आमच्याकडे विज्ञान आहे."

"असू दे. मी सोमवारी बघायला येते."

२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहितो.

दहा वाजता चीफ आले, मागून इया सिफावु आपल्या दोन सुनांना घेऊन आली. मी ताजी ओबी फोडून सगळ्यांना दिली, घरी आलेल्याला ओबी द्यायची असते. इयानं तिची फोड पदरात बांधून ठेवली. मी माझी गालात ठेवली.

पिपेट ओठात घेतली, ओढलं, सोडलं, शेवटचा थेंब फुंकला. पहिला थेंब निळा, दुसरा निळा, तिसरा जांभळट, चौथा पिवळा. चार मिनिटं! चीफनी टाळ्या वाजवल्या. सुनांनीही वाजवल्या.

"छान," इया म्हणाली. "आता तेच नुसत्या पाण्यानं करा."

मी हसलो. चीफही हसले. म्हातारीचं समाधान म्हणून साधं पाणी घेतलं, त्याच ऐटीत ओढलं, शेवटचा थेंब फुंकला. पहिला निळा. दुसरा निळा. तिसरा निळा. चौथा जांभळट.

पाचवा पिवळा.

मी म्हटलं, नळी नीट धुतलेली नसणार, हल्ली मलाच धुवावी लागते. नवी नळी घेतली, पुन्हा पाणी. पुन्हा पाच.

चीफ खुर्चीत पुढे सरकले. "डॉक्टर, म्हणजे पाण्यानंही खळ जाते? मग आम्ही वर्षभर बाटल्यांत काय भरतोय?"

"थांबा," इया म्हणाली. ती उठली, कपाटातली कोरी नळी घेतली, आपल्या हातानं चमच्यानं त्यात खळ आणि तेच साधं पाणी घातलं आणि मला मागे सरकायला सांगितलं. पाच मिनिटं, निळा. दहा मिनिटं, निळा. वीस मिनिटं आम्ही सगळे त्या नळीकडे बघत बसलो, आणि ती निळीच राहिली.

मग ती हसायला लागली. सुनांच्या खांद्यावर हात ठेवून हसली. "अहो डॉक्टर, मी नऊ वर्षांची असताना आईनं माझ्या कानाखाली वाजवली होती. का माहितीये? नक्षी काढायचं पीस मी जिभेवर ओलं केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळी रेघ पाण्यासारखी पसरलेली. थुंकी खळ खाते, बाबा! म्हणून दारात चूळ भरायला लावली तुम्हाला. एवढं शिकलात, आणि फुंकताना काय फुंकताय ते बघितलं नाहीत?"

चीफना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग बाटलीवर काय छापू? 'चार मिनिटांत खळ गायब, सोबत डॉक्टर मोफत'?"

मी म्हणालो, हा आरोप शास्त्रीय कसोटीवर उतरलेला नाही. लाळेत काय असतं ते मी पहिल्या वर्षाच्या मुलांना सव्वीस वर्षं शिकवलं आहे. फळ्यावर चित्र काढून.

२५ फेब्रुवारी

ओगी. वाडगा समोर. आज मी एक चमचा खाल्ला आणि चोखलेला चमचा तसाच आत ठेवून बघत बसलो. पेपर उघडला नाही. चमच्याभोवती आधी एक ओला गोल झाला, मग तो पसरत गेला.

बायको समोर बसली होती. "लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मका नीट दळ. तेहतीस वर्षं मी मका दळतेय, बिंपेचे बाबा. दळून दळून आता त्याची हवा होते."

बेकरीत जाऊन दार आतून लावलं. नळीत खळीचं पाणी घेतलं आणि त्यात थुंकलो. साधं, सरळ, पिपेटशिवाय. दोन मिनिटं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेगवान एन्झाइम. यासाठी बुरशी वाढवायची गरज नव्हती, फक्त मला बाटलीत भरायचं होतं.

मग कपाटातून एनितानची वही काढली. एकतीस मोजण्या. अडतीस आणि बेचाळीसच्या मध्ये सगळ्या. प्रत्येकीच्या शेजारी नुसत्या पाण्याची नळी आणि तिच्यापुढे एकच शब्द: निळी, निळी, निळी. आणि सहा फेब्रुवारीच्या पानाच्या कडेला पेन्सिलनं, बारीक अक्षरात: 'सरांच्या नळीत लाळ जात असेल का? त्यांना हे कसं म्हणायचं? पाण्याची नळी ठेवू या का एवढंच विचारते. मग त्यांचं त्यांनाच दिसेल.'

तिला सहा तारखेलाच माहीत होतं. पण बापाच्या वयाच्या माणसाला तुमच्या तोंडामुळे चूक होते आहे असं आमच्यात कुणी सांगत नाही, म्हणून तिनं माझी अब्रू राखून दार उघडून दिलं होतं. मी ते तिच्या तोंडावर आपटलं, आणि वर तिला अविश्वसनीय म्हटलं. वही मिटली तेव्हा लाज वाटली. इतकी, की मान वर करवेना.

२६ फेब्रुवारी

क्षमा मागायला एकट्यानं जात नाहीत, मोठ्यांना पुढे घालून जातात. माझ्याहून मोठं आणि या भानगडीत असलेलं माणूस एकच होतं. इया सिफावु तयारच बसली होती. "चला," म्हणाली, "असली मजा रोज मिळत नाही." बायकोही आली. येऊ नको असं म्हणायला मी कोण?

एनितानच्या आईनं पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही. एनितान मागे उभी होती. पाण्याच्या पिशव्या भरणाऱ्या एका ठिकाणी तिनं काम मागितलं होतं. त्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, पाणी तपासायला विश्वासाचं माणूस हवं.

मी काही बोलायच्या आत माझे गुडघे वाकायला लागले. जमिनीवर आडवं पडायचं असं मनात नव्हतं, पण शरीर निघालं. तिची आई ओरडली, "अहो, हे काय! एवढा मोठा माणूस माझ्या मुलीपुढे पडला तर आमच्या घराला पाप लागेल!"

"पडू दे गं," इया सिफावु म्हणाली. "जमीन काही फार लांब नाही त्याला."

एनितान पुढे आली आणि तिनं मला दंडाला धरून उभं केलं. पूर्ण आडवा झालो नव्हतो, अर्धाच. बसायला खुर्ची मिळाली.

मी खिशातून चीफना लिहिलेलं पत्र काढून तिला दिलं. 'उपकरणातील दोषामुळे माझ्या मोजण्या सदोष आढळल्या. सहायक एनितान हिच्या मोजण्या अचूक होत्या.' रात्रभर विचार करून लिहिलं होतं, भाषा स्वच्छ होती.

तिनं दोनदा वाचलं. "सर, कोणतं उपकरण?"

मी तिच्याकडे बघितलं. ती नजर खाली घालून उभी होती, मुलींनी उभं राहावं तशी. पण पत्र काही परत देत नव्हती.

"तेही लिहा, सर. नाहीतर लोक म्हणतील, मी धुतलेल्या नळ्यांत दोष होता."

तिच्या आईनं पेन आणून दिला. मी खाली लिहिलं: उपकरण म्हणजे माझं तोंड. बायकोनं वाकून वाचलं आणि म्हणाली, "हे फ्रेम करून मिळेल का?"

"आणि तो शब्द, सर," एनितान म्हणाली.

मी 'सदोष' खोडलं आणि तिथे 'अविश्वसनीय' लिहिलं. मग तिनं पत्राची घडी घातली. "उद्या आठ वाजता येते. फुगा तिथेच राहिला होता ना माझा?"

"मी टाकला," मी म्हटलं.

"मग येताना नवा आणते."

२८ फेब्रुवारी

इतोकूच्या अंगणात सकाळपासून साठ बाया, चीफ, त्यांची टोपी आणि आम्ही. दारात मी न सांगता चूळ भरली. खिशात ओबी नव्हती. दोन दिवस सोडली आहे, आणि जगातल्या प्रत्येक माणसाचा मला राग येतो आहे.

चीफ माझ्या कानाशी लागून विचारत होते, "एकोणचाळीस आणि चार यांच्यामध्ये काही निघेल का? बारा? पंधरा?" मी म्हटलं, एनितानला विचारा. त्यांनी विचारलं नाही.

एनितान सगळ्यांपुढे उभी राहिली. आधी मोठ्यांना गुडघा टेकला आणि मग सरळ सांगितलं, "आमच्या पाण्याला चाळीस मिनिटं लागतात. आधी चार सांगितलं होतं, ते चुकलं होतं." कुणामुळे चुकलं ते बोलली नाही. साठ माना आपोआप माझ्याकडे वळल्या. इया सिफावुनं कुणाला काय सांगितलं असेल ते सांगायला नको.

"चाळीस?" इया म्हणाली. "अगं, आम्ही दुपारी आमालाचे गोळे खायला बसलो की तास जातो. मग कोण बघतंय घड्याळ? चार मिनिटांत झालं असतं तर बाकीचा वेळ मी काय करणार होते, अंगणात नाचणार होते? डॉक्टर, तुमच्या हाताला किती वेळ लागतो ते महिनाभर मोजलंत. आमच्याकडे किती वेळ आहे ते एकदा तरी येऊन विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. बरोबर आकडा पाच तारखेपासून एनितानच्या वहीत होता, आणि तो पुरत होता.

कापडं टबात गेली, बाया जेवायला गेल्या. मला एनिताननं काम नेमून दिलं. खळीची एक चिंधी नुसत्या पाण्याच्या बादलीत, आणि बादलीशेजारी स्टुलावर मी. चाळीस मिनिटं नजर ठेवायची, वाकायचं नाही आणि बोलायचं नाही. "बोलताना तुमच्या तोंडातून उडतं, सर," असं तिनं गुडघा टेकून, अत्यंत आदरानं सांगितलं. मी तोंड मिटून बसलो. इतका वेळ गप्प बसलेलं मला बायकोनं कधी पाहिलेलं नाही. तीही आमाला टाकून बघायला आली.

चाळिसाव्या मिनिटाला बायांनी कापडं उचलून झटकली. खळ सायीसारखी सरकून टबात पडली. खाली नक्षी पांढरीशुभ्र, एकही धागा न तुटलेला. सुरी कुणी हातात घेतली नाही. एका म्हातारीनं आपली नखं बघितली आणि पुन्हा कापड बघितलं. इया सिफावुनं मान डोलावली, तशा साठ माना डोलल्या. चीफ 'चाळीस, चाळीस' असं स्वतःशी घोकत होते, लोकांच्या तोंडात बसेल का ते बघत.

एनितान माझ्या बादलीपाशी आली. चिंधी उचलली, तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला. निळा.

तिनं वही उघडली. 'नुसतं पाणी, चाळीस मिनिटं, निळी' असं लिहिलं, आणि पुढे मोजणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घातलं.

"बरोबर आली, सर," ती म्हणाली.